दारासमोरचा एक तास

१

नऊ जानेवारीला सकाळी सहा ते सात शिवप्रिया घरी नव्हती, असं पत्रात लिहिलं होतं. ती घरीच होती. पण त्या एका वाक्यापायी तिची दोन वर्षं जाणार होती.

शिवप्रिया अणदूरची. वय तेवीस. टेनिस सोलापुरात शिकली, आता पुण्यात राहून खेळते. जागतिक यादीत नंबर दोनशे एकतीस. या पातळीच्या काही निवडक मुलींना उत्तेजक औषधांच्या तपासणीसाठी रोजचा एक तास आधीच कळवून ठेवावा लागतो. त्या तासात, दिलेल्या पत्त्यावर, न सांगता कुणीही येऊन लघवीचा किंवा रक्ताचा नमुना मागू शकतं. बारा महिन्यांत तीन वेळा खेळाडू सापडली नाही, तर अंगात औषधाचा कणही नसताना ती दोषी ठरते आणि दोन वर्षांची बंदी येते.

शिवप्रियाच्या नावावर दोन चुका आधीच होत्या. गेल्या मार्चमध्ये विमान चुकलं आणि फोनमध्ये पत्ता बदलायचा राहिला. ऑगस्टमध्ये पुण्याच्या खोलीची बेल बंद पडली होती आणि ती झोपून राहिली. दोन्ही तिनं कबूल केल्या. ही तिसरी मात्र तिला मान्य नव्हती.

तिचे वडील बंडप्पा भुसार मालाचे व्यापारी. वकील शोधायच्या आधी ते मुलीला घेऊन तुळजापूरला शांतलिंगअप्पांकडे गेले. शांतलिंग एकतीस वर्षं कोर्टात बेलिफ होते. समन्स आणि नोटिसा घेऊन लोकांच्या दारात जायचं, आणि माणूस भेटला की नाही ते कागदावर लिहायचं, हे त्यांचं काम. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली होती.

"शरणार्थ अप्पा," बंडप्पा म्हणाले. "दारात येऊन गेल्याचा रिपोर्ट हाय. खरा की खोटा ते तुमच्याशिवाय कोण सांगणार?"

शांतलिंगनं चष्मा लावून अहवाल दोनदा वाचला. तपासणी अधिकाऱ्याचं नाव महारुद्र, सहायक अस्मिता. दोघांच्या सह्या होत्या. मजकूर थोडका होता: पाच पंचावन्नला पोहोचलो. दार वाजवलं. घरातल्या एका बाईनं खेळाडू घरी नसल्याचं सांगितलं. तरीही सात वाजून पाच मिनिटांपर्यंत दोघंही दारासमोर थांबलो. त्या वेळात घरातून कुणी बाहेर आलं नाही. सोबत दाराचे दोन फोटो, एक पाच अठ्ठावन्नचा, एक सहा छप्पन्नचा.

"घरी कोण कोण होतं?"

"मी आणि आत्या. पत्ताबी अणदूरचाच दिला होता," शिवप्रिया म्हणाली. "बाबा दोन दिवस कळंबच्या बाजारात होते. आत्या म्हणते, कुणीच आलं न्हाय."

शांतलिंगनं कागद घडी करून ठेवला.

"मग दोघांतलं एक माणूस खोटं बोलतंय. सुनावणी कधी हाय?"

"नऊ दिवसांनी."

२

अणदूरचं घर खंडोबाच्या देवळापासून दोन गल्ल्या आत होतं. सिमेंटचं, साधं. पुढं निळं लोखंडी दार आणि दाराबाहेर फरशीचा तुकडा. मागं परस, आणि वर गच्ची.

शिवप्रियाच्या आत्यानं, गौराबाईंनी, चहा डाव्या हातानं पुढं केला. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता.

"हे कधी झालं?"

"सहा तारखेला. न्हाणीत पाय घसरला. सातला सोलापुरात प्लास्टर घातलं. म्हणून तर पोरगी धावत आली पुण्याहून. स्पर्धा सोडली तिनं."

शिवप्रियाची आई ती चार वर्षांची असताना गेली. गौराबाई विधवा होऊन भावाकडं आल्या होत्या. मुलीला सोलापूरच्या कोर्टवर नेणं-आणणं आठ वर्षं त्यांनीच केलं. एसटीत बसून मुलीच्या मोज्यांना टाके घालणारी बाई म्हणून त्या मार्गावरचे कंडक्टर त्यांना ओळखत.

"नऊ तारखेला सकाळी कुणी आलं होतं?" शांतलिंगनं विचारलं.

"कुणी न्हाय."

"दार वाजलं नाही?"

"न्हाय म्हटलं की."

दुसरं उत्तर पहिल्याहून लवकर आलं, हे शांतलिंगच्या ध्यानात आलं. ते शिवप्रियाकडं वळले.

"तू सहा ते सात काय करत होतीस?"

"रोजचंच. उठले, गच्चीवर दोरी मारली, घरातलं आवरलं. तीन आठवड्यांनी पत्र आलं अप्पा. त्या दिवशी मिनिटामिनिटाला काय केलं ते कसं आठवणार?"

"समोरचं दार उघडलं होतंस?"

"उघडलं असेल की. रोज उघडतो."

निघताना ती त्यांना फाट्यापर्यंत सोडायला आली. वाटेत त्यांनी विचारलं, "एक सांग. हा नियमच चुकीचा हाय, असं वाटतं का तुला?"



"न्हाय. मी जिच्यासमोर हरते, तिनं काही घेतलेलं न्हाय एवढं मला कळायला पायजे. नियम पायजेच. पण पहिल्या वीसांतल्या मुलींकडं हा फोन सांभाळायलाच एक माणूस असतो. त्यांचं विमान उशिरा सुटलं तर तो तिकडून पत्ता बदलतो. माझं विमान उशिरा सुटलं की मी सामानाच्या रांगेत असते. तास मात्र दोघींचा साठ मिनिटांचाच."

एसटी आली. शांतलिंग चढले ते कळंबला महारुद्रांना गाठायचं ठरवूनच.

३

महारुद्र कळंबच्या एका कॉलेजात शारीरिक शिक्षणाचे शिक्षक होते. तपासणीचं काम जादाचं. उंच, चाळिशीचा माणूस. मैदानाच्या कडेला दोघं बाकावर बसले.

"मी तुम्हाला काही सांगायला बांधील नाही," महारुद्र म्हणाले.

"नाही. म्हातारा माणूस गाडी बदलून बदलून आलाय म्हणून पाणी तरी द्याल."

महारुद्र हसले. पाणी आलं.

"मी खोटं लिहिलेलं नाही," ते आपणहून म्हणाले. "दार वाजवलं. बाई आली. मी विचारलं, 'शिवप्रियाताई आहेत का?' त्या म्हणाल्या, 'न्हाय.' दार लावून घेतलं."

"बाई कशी होती?"

"साठीची. उजव्या हाताला पांढरं प्लास्टर होतं. कडी डाव्या हातानं काढताना धडपडत होत्या, म्हणून लक्षात राहिलं."

शांतलिंगनं पाण्याचा पेला खाली ठेवला. प्लास्टर सातला घातलं, महारुद्र आला नऊला. त्या घराशी त्याची ना ओळख, ना पाळख. दार उघडल्याशिवाय त्याला ते दिसणं शक्य नव्हतं. म्हणजे गौराबाईंनी आपल्याला सरळ खोटं सांगितलं.

ज्यांच्या बाजूनं ते निघाले होते, तीच बाजू खोटी निघाली होती.

"अस्मिताबाई तुमच्यासोबत होत्या?" त्यांनी सहज विचारलं.

"सही आहे की त्यांची."

"राहतात कुठं?"

"सोलापूरला."

"आणि तुम्ही त्या दिवशी इथून निघालात?"

"आदल्या दिवशीच तुळजापूरला साडूकडं मुक्कामाला गेलो. तिथून मोटरसायकलनं." महारुद्रांनी घड्याळ पाहिलं. "माझा तास आहे आता."

४

घरी येऊन शांतलिंगनं शिवप्रियाला फोन केला. दिल्लीच्या तपासणी संस्थेकडून आलेले ते दोन फोटो रंगीत आणि मोठे छापून पाठव म्हणून सांगितलं. तोवर सगळ्यांनी ते मोबाईलवरच पाहिले होते. दार, घराचा नंबर आणि कोपऱ्यातली वेळ, एवढंच प्रत्येकानं पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी बंडप्पा छापील फोटो घेऊन आले. शांतलिंगनं दोन्ही शेजारी ठेवले आणि बराच वेळ पाहत राहिले.

"बंडप्पा, दार सोडा. खाली फरशीवर बघा."

पहिला फोटो अंधारात, फ्लॅश मारून काढलेला. फरशी कोरडी, कालच्या रांगोळीची धूळ पसरलेली. दुसऱ्यात उजाडलेलं. फरशी ओली, आणि दारासमोर ताजी, पांढरीशुभ्र ठिपक्यांची रांगोळी.

बंडप्पांना क्षणभर कळेना. मग कळलं.

"मधल्या वेळात कुणीतरी बाहेर येऊन सडा टाकला," शांतलिंग म्हणाले. "रांगोळी काढायला धा मिनटं तरी लागतात. बाईमाणूस धा मिनटं दारात वाकून बसलंय, आणि समोर उभ्या असलेल्या दोघांना ते दिसलं न्हाय? रिपोर्टात तर लिहिलंय, कुणी बाहेर आलं नाही."

"म्हंजे तो तिथं नव्हताच!"

"सहाला होता. सातच्या आधी परत आला. मधी नव्हता. आणि पुढं बघा. घरात माणसं किती? दोन. गौराबाईंचा उजवा हात प्लास्टरात. डाव्या हातानं त्यांना कडी निघंना, त्या ठिपके जोडणार? रांगोळी शिवप्रियानं काढली. ती घरात होती, तेही याच फोटोत हाय. महारुद्रनं आपल्या हातानं पुरावा काढून दिल्लीला पाठवला."

बंडप्पांनी फोनवर मुलीला विचारलं. ती म्हणाली, "व्हय. आत्याचा हात मोडल्यापासून मीच काढत होते. ते काय सांगण्यासारखं असतं का बाबा?"

तरी एक प्रश्न उरला होता. तास सोडून महारुद्र गेला कुठं?

शांतलिंगनं एकतीस वर्षं एसटीनं नोटिसा पोचवल्या होत्या. सोलापूरहून येणारी पहिली गाडी अणदूर फाट्यावर साडेसहाच्या आत टेकत नाही, हे त्यांना पाठ होतं. महारुद्र आला तुळजापूरहून. अस्मिता सोलापूरची. मग ती पाच पंचावन्नला अणदूरच्या गल्लीत उगवली कशी?

त्यांनी अस्मिताला फोन लावला. ती एका दवाखान्यात नर्स होती. त्यांनी फक्त गाडीची वेळ विचारली.

"धुकं होतं. गाडी पावणेसातला पोहोचली. सर फाट्यावर माझी वाट बघत थांबले होते. मुलीचा नमुना बाईसमोरच घ्यावा लागतो, एकटे ते काही करू शकत नव्हते. ते म्हणाले, ती घरी नाहीच, घरच्यांनीच सांगितलंय, तू सही कर." ती थांबली. "तीन जिल्ह्यांना मी एकटी बाई आहे, काका."

५

आता नुसत्या रांगोळीवर काम भागत होतं. महारुद्रनं प्लास्टर पाहिल्याचं कळलं होतं, तरी बंडप्पांचं म्हणणं तेच. गौराबाईंचं नाव कशाला काढायचं?

"काढावं लागंल," शांतलिंग म्हणाले. "समितीनं महारुद्रला प्लास्टरचं विचारलं, की तो सांगणार. मग तुमचं घर खोटं ठरलं. एकदा घर खोटं ठरलं की रांगोळी खरी असून उपयोग न्हाय."

गौराबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसल्या होत्या. शांतलिंगनं त्यांना महारुद्रचं सगळं बोलणं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. मग त्या घाईनं म्हणाल्या, "आला हुता. पण म्या कन्नडमधी बोलले. 'इल्ले अदाळ' म्हटलं. हितंच हाय म्हणून. त्यानं 'इल्ला' ऐकलं असंल. न्हाय म्हणून."

बंडप्पांचे डोळे चमकले. फारच सोयीचं होतं ते. इल्ले म्हणजे इथंच, इल्ला म्हणजे नाही. एका मात्रेचा फरक.

शांतलिंगनं मान हलवली.

"गौराबाई, मलाबी कन्नड येतं. तुम्ही घरात कन्नड बोलता, माझ्यासंगं मराठी. दारात आलेल्या परक्यानं मराठीत विचारलं, 'शिवप्रियाताई आहेत का?' त्याला या गावात कुणी कन्नडमधी उत्तर देतं का? आणि हितंच हाय म्हणणारं माणूस दार लावून घेत न्हाय. आत हाक मारतं."

शिवप्रिया परसातून येऊन दारात उभी होती.

"दिवाळीत आले हुते ते लोक," गौराबाई शेवटी म्हणाल्या. "दोन बायका, पुण्याहून. पोरीची पाळी चालू हुती. एक बाई न्हाणीत तिच्यासमोर उभी ऱ्हायली. कुडता छातीपतुर वर, सलवार गुडघ्यापतुर खाली. लघवी हुईना, तर दोन तास पाणी पाजत बसवलं. त्या गेल्यावर पोरीनं दोनदा आंघोळ केली आन् जेवली न्हाय. म्या इचारलं तर म्हणाली, असंच असतंय आत्या." त्यांनी प्लास्टरचा हात मांडीवर घेतला. "कुणाच्या घरचं सोनं चोरलं हुतं तिनं? आन् ह्या बारीला दार उघडलं तर एकटा गडी! बाईमाणूस न्हाय संगं. म्या म्हटलं, न्हाय घरी. जा."

"तीनदा झालं की बंदी, हे म्हाईत होतं तुला?" शिवप्रियानं विचारलं.

"ते कुठं म्हाईत हुतं? दोनदा झालंय हे तरी तू कधी सांगितलंस?"

शिवप्रियानं खरंच सांगितलं नव्हतं. आत्याला घोर लागेल म्हणून.

शांतलिंग हळू आवाजात म्हणाले, "म्या एकदा परंड्याला एका बाईची नोटीस न्यायला पायजे होती. ऊन लई होतं. फाट्यावरनंच परत फिरलो आणि लिहिलं, घरी नाही, दारावर डकवली. बाईवर एकतर्फी निकाल झाला. जागा गेली तिची. ती कोर्टात वरडून सांगत होती, दारावर काय नव्हतं. कुणी ऐकलं न्हाय, कारण माझी सही होती. म्या तिथंच उभा होतो." त्यांनी चष्मा काढून पुसला. "म्हणून सांगतो. अर्धं खोटं त्याचं हाय, अर्धं तुमचं. तुम्ही तुमचं सांगा, म्हंजे त्याला त्याचं लपवता येणार न्हाय."

"आत्या सांगंल," शिवप्रिया म्हणाली. आत्यानं होकार द्यायच्या आधीच.

६

सुनावणी लॅपटॉपवर झाली. तिकडं तिघं होते. निवृत्त न्यायाधीश, एक डॉक्टर आणि एक माजी महिला खेळाडू. मध्ये एक दुभाषी. महारुद्र आणि अस्मिता वेगळ्या चौकटीत.

शांतलिंगनं दोन फोटो दाखवले. न्यायाधीशांना आधी कळलं नाही. दारासमोर चिकटवायचे रांगोळीचे कागद मिळतात, तसलं काही असेल, असं ते म्हणाले.

"साहेब, पहिल्या फोटोत ते न्हाय, आणि फरशी कोरडी हाय," शांतलिंग म्हणाले. "कागद चिकटवायलाबी माणसाला बाहेर यावंच लागतं."

न्यायाधीश पुढं झुकून बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी अस्मिताला तिची गाडी किती वाजता पोहोचली एवढंच विचारलं. तिनं सांगितलं. महारुद्रांनी नाकारलं नाही. "घरच्यांनीच नाही म्हटल्यावर थांबून काय होणार, असं मला वाटलं," ते म्हणाले. "आणि मी एकटा दारात उभा राहून करणार काय होतो?"

मग गौराबाईंची पाळी आली. माजी खेळाडूनं विचारलं, "तुम्ही खोटं का बोललात?"

गौराबाईंनी दिवाळीचं सगळं सांगितलं, जसं घरात सांगितलं होतं तसंच. दुभाषी एका ठिकाणी अडखळला. ती माजी खेळाडू म्हणाली, "त्याचं भाषांतर नको. मला समजलं." आणि तिनं पुढं काही विचारलं नाही.

अकरा दिवसांनी निकाल आला. अधिकारी पूर्ण तास दिलेल्या ठिकाणी हजर नव्हता, म्हणून तिसरी चूक रद्द. नात्यातल्या व्यक्तीनं दिशाभूल केली ही बाब गंभीर, खेळाडूला ताकीद. आधीच्या दोन चुका कायम. महारुद्र आणि अस्मिता यांना कामावरून कमी करण्यात येत आहे. तीन जिल्ह्यांना एकच बाई का, याबद्दल त्यात एक ओळही नव्हती.

चौकशी चालू असताना खेळायला मनाई होती, त्यामुळं शिवप्रिया तोवर चार स्पर्धांना मुकली होती. नंबर दोनशे अठ्ठ्याऐंशीवर आला होता.

७

निकालानंतर शांतलिंग अणदूरला गेले, तेव्हा ती बॅग भरत होती. बंडप्पांनी पेढे आणले होते. गौराबाईंच्या हाताचं प्लास्टर निघालं होतं. हात बारीक झाला होता, आणि त्या बोटं उघडमीट करत मुलीसाठी शेंगदाण्याची चटणी डब्यात भरत होत्या.

शिवप्रियानं फोन काढला. पुढच्या तीन महिन्यांचे पत्ते भरायची ती शेवटची तारीख होती. रात्री मुक्काम कुठं आणि तास कोणता, प्रत्येक दिवसाचं वेगळं. तिनं पुण्याचा पत्ता भरला. पुन्हा पुण्याचा. मग बाहेरच्या दोन स्पर्धा. मग पुन्हा पुण्याचा.

"जत्रंला येशील न्हवं?" गौराबाईंनी विचारलं.

"येईन."

"मग त्या दिवशी हितला पत्ता घाल की."

"दुपारी येईन आत्या. संध्याकाळच्या गाडीनं परत."

"मुक्काम न्हाय?"

शिवप्रियानं फोनवरून मान वर केली नाही. "मुक्कामाचा पत्ता द्यावा लागतो."

गौराबाई डबा हातात धरून उभ्या राहिल्या.

"आता म्या तसं करणार न्हाय गं. दार उघडून हाक मारीन तुला. शपथ."

"म्हाईत हाय मला."

"मग?"

शिवप्रियानं फोन बंद केला, डबा आत्याच्या हातातून घेतला, आणि कपड्यांच्या मधोमध, सांडणार नाही असा नीट बसवला. बॅगेची चेन ओढली. शांतलिंग बाहेर जाऊन उभे राहिले. आतून गौराबाईंचा आवाज आला, "दुपारी किती वाजता येशील ते तरी सांग. गरम भाकरी करायला बरं."

"एक वाजता," शिवप्रिया म्हणाली. "एक ते दोन घरीच असेन."